बोरवडगीची सातवी यादी

गुरुसिद्धप्पा कारकुनाला रस्त्यात कुणी भेटून विचारलं, "काय, सध्या काय चाललंय?" तर तो म्हणायचा, "यादी." इथपर्यंत ठीक होतं. पण समोरचा जर चुकून म्हणाला, "अजून तीच?" तर मग मेलाच. गुरुसिद्धप्पाच्या तळपायाची आग मस्तकात जायची आणि तो माणूस सोलापूरच्या भर उन्हात, सायकल हातात धरून, अर्धा तास बोरवडगीच्या यादीची जन्मकथा ऐकत उभा राहायचा. ज्यांना हे ठाऊक होतं ते लांबूनच हात करून पुढं सटकायचे.

बोरवडगी हे अक्कलकोटच्या अंगाचं गाव. तिथं ओढ्यावर तलाव होणार होता, गाव पाण्याखाली जाणार होतं आणि गावाला कुंभारीच्या अलीकडच्या माळावर नवी जागा मिळणार होती. प्रत्येक घराला एक प्लॉट. आता घर म्हणजे काय? घर म्हणजे चूल. एका छपराखाली तीन भाऊ असले आणि तीन चुली पेटत असल्या तर नावं तीन आणि प्लॉटही तीन. नियम वरच्यांनी केला आणि चुली मोजायला पाठवलं गुरुसिद्धप्पाला. त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर दहा दिवस तो बोरवडगीत घरोघर वाकून स्वयंपाकघरात डोकावत हिंडला. राख ताजी आहे का, तवा गरम आहे का, पिठाचा डबा वेगळा आहे का, सगळं बघायचा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. कुणी वाद घातला तर त्याचं एकच वाक्य ठरलेलं असायचं, "चूल वेगळी तर नाव वेगळं. मला बाकीचं सांगू नका."

तीनशे बारा चुली निघाल्या. सुवाच्य अक्षरात त्यानं रजिस्टर भरलं, खाली सही ठोकली आणि त्याला वाटलं, झालं काम. भाबडा होता तेव्हा.

कारण यादी लिहून होत नाही, मंजूर होऊन होते. अक्कलकोट रोडच्या त्या पत्र्याच्या कचेरीत, जिथं उन्हाळ्यात शाईसुद्धा दौतीत वाळायची, तिथं यादीला पाच टेबलं चढायची होती. पहिलं पडताळणीचं, दुसरं मोजणीचं, तिसरं कायद्याचं, चौथं नायब साहेबांचं आणि पाचवं मोठ्या साहेबांचं. प्रत्येक टेबल यादी महिनाभर उबवायचं आणि एक शेरा मारून खाली टाकायचं. "अ. क्र. ४१ चे वडिलांचे नाव तपासावे." "समासाची रुंदी कमी आहे." समासाची रुंदी! गाव बुडायला निघालंय आणि या महाभागाला समास दिसतोय. शेरा आला की यादी पुन्हा पहिल्या पायरीवर. तिसऱ्या टेबलानं मारलेला शेरा दुरुस्त केला तरी पहिल्या दोन टेबलांनी पुन्हा सह्या करायच्या, कारण त्यांनी सही केली होती ती आधीच्या यादीवर, ही यादी वेगळी.

बरं, यादी वर गेली म्हणून गाव थांबतंय का? गावावर काय कुणी पेपरवेट ठेवलाय? तिकडं माणसं मरायची, पोरी सासरी जायच्या, सासवा-सुनांची भांडणं होऊन नव्या चुली पेटायच्या. आणि नव्या चुलीला नवा प्लॉट मिळतो हे कळल्यावर तर भांडणांना बरकतच आली. पाचव्या टेबलावर यादी मंजूर व्हायची तोवर ती शिळी झालेली असायची. मग खाली दुरुस्तीचे अर्ज, त्यावरून नवी यादी, ती पुन्हा वर. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात तर असा घोळ झाला की काही विचारू नका. मोठ्या साहेबांनी तिसऱ्या यादीवर सही केली, गुरुसिद्धप्पाच्या टेबलावर चौथी तयार होत होती आणि मोजणीवाले माळावर दुसरी यादी घेऊन खुंट्या ठोकत होते. एका गावाच्या तीन बेरजा! वर तीनशे अठरा, खाली तीनशे एकवीस, माळावर तीनशे बारा. साहेबांनी तिन्ही कागद समोर ठेवून विचारलं, "गुरुसिद्धप्पा, यातली खरी कुठली?"

"साहेब, तिन्ही खऱ्या," तो म्हणाला. "आपापल्या दिवशी."

साहेबांनी कपाळाला हात लावला. पण त्या दिवसापासून गुरुसिद्धप्पानं यादीला शिस्त लावली, हे मात्र खरं. कच्च्या यादीला पांढरा दोरा, वर गेलेलीला हिरवा, मंजूर झालेलीला लाल. हिरव्या दोऱ्याच्या यादीला कुणी हात लावायचा नाही. दुरुस्त्या आल्या की डब्यात टाकायच्या आणि यादी खाली आली की एकदमच घ्यायच्या. पहिल्या वर्षी सगळेजण रजिस्टरात खळीनं चिठ्ठ्या चिकटवायचे, तेही त्यानं बंद केलं. एक अक्षर बदललं तरी अख्खी यादी नव्यानं लिहायची आणि तिला नवा नंबर द्यायचा. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की नवी यादी मंजूर झाली की जुनी कापडात बांधायची, गाठ मारायची, रेकॉर्ड खोलीत टाकायची आणि मोठ्या साहेबांच्या सहीशिवाय ती उघडायचीच नाही. नाहीतर पुन्हा कुणीतरी शहाणा जुनीच घेऊन माळावर जायचा. साहेबांनी नियम मंजूर केले आणि पाठ थोपटली. नंतर त्याच्याकडं बघून म्हणाले, "शहात्तरच्या जूनला अव्वल कारकुनाची जागा निघतीय. लक्षात आहे माझ्या." गुरुसिद्धप्पा त्या दिवशी घरी जाताना बायको महानंदासाठी पावशेर पेढे घेऊन गेला.

अशी रडतखडत सातवी यादी शहात्तरच्या जानेवारीत पाचही टेबलं चढून आली. तीनशे सव्वीस चुली. लाल दोरा बांधताना गुरुसिद्धप्पाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. यादी बोरवडगीच्या चावडीवर लावली. तीन मे रोजी चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटायचे आणि पावसाच्या आत गाव हलवायचं, असं ठरलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सोजरबाई आली.

पन्नाशीची, काटक, नाकात साधी चमकी, हातात पिशवी. टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "भाऊसाब, यादीत माजं नाव न्हाय."

"नाव काय?"

तिनं सांगितलं. नवरा वारून आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दीर भीमा शेजारच्याच खोलीत राहतो, पण हिचं खाणंपिणं वेगळं. गुरुसिद्धप्पानं सातवी यादी काढली आणि बोट फिरवलं. एकशे सेहेचाळीस, भीमा. एकशे सत्तेचाळीस, भीमाचा थोरला आप्पा. एकशे अठ्ठेचाळीस, तिसराच कुणीतरी.

"नाही तुमचं नाव."

"तेच म्हनतीया की मी. न्हाय."

"नाही म्हणजे मोजणीच्या दिवशी तुम्ही गावात नसाल. कुठं गेला होता?"

"कुटं जातीय मी? हितंच हुते."

"बाई, मी घरोघर फिरलोय. चूल दिसली असती तर लिहिली असती. दिराच्यात धरलं असेल तुम्हाला."

"त्येच्यात कशी धरशीला? माझी चूल येगळी हाय."

आता याला काय म्हणायचं! सात याद्या, पाच टेबलं, अडीच वर्षं, आणि आता ही बाई म्हणते मी होते. यादी मंजूर झालीय, तिला लाल दोरा लागलाय. त्यानं सांगितलं, आता काही होत नाही, तरी अर्ज द्या, मी वर विचारतो. सोजरबाईनं अर्ज लिहून घेतला, अंगठा उठवला आणि ती दुपारच्या एसटीनं परत गेली.

पुढच्या सोमवारी हजर. त्याच्या पुढच्याही. सकाळच्या गाडीनं यायची, कचेरीच्या पायरीवर बसायची, शिपाई धुळा तिला प्यायला पाणी द्यायचा. आत बोलावलं की तेच बोलणं. गुरुसिद्धप्पानं आपल्या परीनं हातपाय हलवले नाहीत असं नाही. पडताळणीला चिठ्ठी पाठवली, तिथून उत्तर आलं, मंजूर यादीप्रमाणे नाव नाही. मोजणीला विचारलं, तेही म्हणाले, मंजूर यादीप्रमाणे नाव नाही. अरे बाबांनो, मंजूर यादीत नाही हे मलाही दिसतंय, म्हणून तर विचारतोय! मग त्यानं राग काढायला माणसं शोधली. तलाठ्यानं दाखला नीट दिला नसेल. वरच्या टंकलेखकानं ओळ गाळली असेल, त्या माणसाचं लक्ष सदानकदा घड्याळाकडं. आपल्या हातची यादी मात्र चोख, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. दोऱ्यांची शिस्त त्यानंच लावली होती ना.

आणि सोमवार आला की पुन्हा तोच प्रश्न त्याच्या तोंडी यायचा, "बाई, नीट आठवून सांगा, मोजणीच्या दिवशी कुठं होता? माहेरी? शेतात? बाजारला?"

"न्हाय जी. घरातच."

"मग मला का दिसला नाहीत?"

याला ती काय उत्तर देणार? गप्प बसायची. आणि ती गप्प बसली की गुरुसिद्धप्पाला वाटायचं, बघा, हिलाही नक्की ठाऊक नाही.

एप्रिलच्या चौथ्या सोमवारी मात्र ती वेगळंच बोलली. ऊन रणरणत होतं, पत्रा तापून कडकड वाजत होता. तिनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "भाऊसाब, मला एक आटवलं. तुमी आल्तासा तवा भीमा म्हनला, हिला आमच्यातच धरा, एकटी बाई, काय करायचाय प्लॉट हिला. तवा तुमी त्येच्यावर खवळलासा. म्हनलासा, चूल वेगळी तर नाव वेगळं, मला बाकीचं सांगू नका. आन लिवलं की तुमी, माझ्या म्होरं."

गुरुसिद्धप्पाचा हात जागच्या जागी थांबला. हे वाक्य त्याचं होतं, शब्दन् शब्द. चावडीवर कुणी शिकवून पाठवलं असतं तर एवढं तंतोतंत आलं नसतं. बाई खोटं बोलत नव्हती.

"तुम्ही बाहेर बसा," तो म्हणाला.

पहिली यादी बघायला हवी होती. ती रेकॉर्ड खोलीत, कापडात, गाठीत. उघडायला मोठ्या साहेबांची सही. आणि हा नियम कुणी केला होता? या गुरुसिद्धप्पानंच! स्वतःच्या शहाणपणाला शिव्या देत त्यानं मागणीची चिठ्ठी लिहिली. साहेब दौऱ्यावर. नायब साहेब म्हणाले, माझ्या अधिकारात नाही. "अहो, माझीच यादी मला बघायचीय!" "मग नियम बदलून आणा," नायब साहेब म्हणाले आणि पान लावायला लागले. सोजरबाईला त्या दिवशी तसंच परत पाठवावं लागलं. साहेब आले बुधवारी, सही झाली गुरुवारी, आणि गुरुवारी दुपारी, जेवायची सुट्टी सोडून, गुरुसिद्धप्पा रेकॉर्ड खोलीत धुळीत मांडी घालून बसला.

पहिली यादी काढली. एकशे सेहेचाळीस, भीमा. एकशे सत्तेचाळीस, सोजरबाई. त्याच्याच अक्षरात, त्याच्याच शाईत, चूल एक, माणूस एक.

"होती की!" तो मोठ्यानं म्हणाला. क्षणभर त्याला आनंदच झाला. आपली यादी चोख होती. आता दुसरी बघू आणि कुणी गाळलं ते धरू.

दुसरी यादी म्हणजे पहिलीचीच नक्कल, तिच्यावर त्या वर्षीच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. त्यानं पान उघडलं. भीमाच्या ओळीवर चिठ्ठी होती. भीमाचा थोरला आप्पा वेगळा झाला म्हणून दुरुस्ती आली होती. भीमाची माणसं नऊची पाच करायची आणि आप्पाच्या चारांची नवी ओळ लिहायची. चिठ्ठीवर दोन ओळी होत्या. एकशे सेहेचाळीस भीमा, एकशे सत्तेचाळीस आप्पा. अक्षर पुन्हा त्याचंच, खाली बारीक सही.

एका ओळीच्या जागेवर त्यानं दोन ओळींची चिठ्ठी चिकटवली होती.

पान उचलून त्यानं खिडकीच्या उजेडासमोर धरलं. चिठ्ठीखालून, उलट्या बाजूनं का होईना, सोजरबाईचं नाव दिसत होतं. दोन वर्षं ते नाव खळीखाली गुदमरत पडलं होतं, आणि तिसरी, चौथी, पाचवी, सगळ्या याद्या या पानावरून उतरत गेल्या होत्या. पाच टेबलांपैकी एकानंही नख लावून बघितलं नव्हतं. पण त्यांनी का बघावं? त्यांना समास बघायचा होता.

पण बेरीज? बेरीज तर त्यानं दोनदा केली होती! पानाच्या तळाशी त्याचीच नोंद होती, एकूण तीनशे बारा. आणि आता त्याला तो दिवस स्वच्छ आठवला. दुरुस्त्या चिकटवून झाल्यावर तो ओळी मोजत बसला होता, तीनशे बारा भरल्या, पहिल्या यादीतही तीनशे बाराच होत्या, आणि त्यानं समाधानानं श्वास सोडला होता. जुळली! अरे मूर्खा, जुळायला नको होती! एक चूल वाढली होती, तर तीनशे तेरा व्हायला हव्या होत्या. बेरीज चुकली असती तर तो जागचा हलला नसता, मुंगीएवढी चूक असती तरी शोधली असती. बेरीज जुळली म्हणून फसला. कारकुनाच्या जन्माला आलेल्या माणसाला जुळलेल्या बेरजेवर संशय घ्यायला कोण शिकवतं?

 त्याला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि या खेपेला रागवायला दुसरं कुणी सापडत नव्हतं.

तीन मेला तीन दिवस उरले होते.

वाट एकच होती. मंजूर यादीत नवं नाव घालता येत नव्हतं, पण लेखनदोष म्हणून पुरवणी जोडता येत होती. त्यासाठी एक नमुना होता. दोष कोणता, कसा घडला, आणि जबाबदार कर्मचाऱ्याचं नाव. नाव आलं की सेवापुस्तकात लाल शाईनं नोंद. लाल नोंद असलेला माणूस अव्वल कारकून होत नाही, निदान पाच वर्षं तरी नाही.

शेजारच्या टेबलावरच्या हरिदासला त्यानं सगळं सांगितलं. हरिदास म्हणजे पडताळणीचा कारकून, दहा वर्षांचा सोबती. सेवाज्येष्ठतेत गुरुसिद्धप्पाच्या खालोखाल तोच, म्हणजे याचा पाय घसरला तर जागा त्याची. हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी हरिदास खालच्या आवाजात म्हणाला, "येडा झालास का बे? रावजी तलाठ्याच्या नावावर घाल. मागल्या साली वारला तो. तो काय उठून विचारायला येतोय?"

"तलाठ्याचं नाव घातलं की कागद तालुक्याला जाणार, अभिप्रायाला."

"जाऊ दे की."

"महिना जाईल. आणि चिठ्ठ्या सोमवारी."

"मग त्या बाईला पुढच्या खेपेला बघू म्हणून सांग. पुढं एखादा प्लॉट निघंल."

"पुढची खेप कुठली आलीय हरिदास? पावसात गाव पाण्यात जाणार."

 हरिदासनं तंबाखूची डबी पुढं केली. गुरुसिद्धप्पानं मान हलवली.

घरी महानंदाला सांगितलं तेव्हा ती शेंगा कुटत होती. तिचा हात थांबला. "अय्यो देवा! सगळ्यांच्या चुका वेचत हिंडणारे तुम्ही, आणि तुमच्याच हातून?" मग थोडं थांबून म्हणाली, "पेढे वाटून झालेत हो माझे. शेजारी, माहेरी, सगळीकडं. आता कुणाकुणाला काय सांगू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुसिद्धप्पाला वाटलं होतं ती भांडेल, म्हणजे आपल्यालाही भांडता येईल. ती रडत शेंगा कुटत राहिली. पण लिहू नका असं काही ती म्हणाली नाही.

शुक्रवारी सकाळी कचेरी उघडल्या उघडल्या त्यानं नमुना भरला. दोष, चिठ्ठी दोन ओळींची चिकटवल्याने खालील नोंद झाकली गेली. कारण, निष्काळजीपणा. जबाबदार कर्मचारी, या रकान्यात त्यानं आपलं नाव घातलं, वडिलांचं नाव घातलं, हुद्दा घातला. दोन्ही याद्या पुराव्याला जोडल्या, आणि शिपायाच्या हाती न देता स्वतःच कागद घेऊन उठला. मनात धरलं होतं, आज पडताळणी, उद्या एक मेची सुट्टी असली तरी मोजणीवाल्याला घरी गाठायचं, कायद्याच्या टेबलाचे पाय धरायचे, पण तीन तारखेच्या आत करून आणायचं.

हरिदासनं मान खाली घालून सही केली. मोजणीवाल्यानं कागद वाचला, जबाबदार कर्मचाऱ्याच्या रकान्यावर त्याची नजर थांबली, त्यानं एकदा गुरुसिद्धप्पाकडं बघितलं आणि सही ठोकली. कायद्याचं टेबल, जे टेबल स्वल्पविरामासाठी यादी महिनाभर अडवायचं, त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि पाच मिनिटांत "हरकत नाही" लिहिलं. नायब साहेबांनी तर उभ्या उभ्या सही केली. दुपारी मिलचा भोंगा झाला तेव्हा तो मोठ्या साहेबांसमोर उभा होता. साहेबांनी चारही सह्या बघितल्या, पान उलटून बघितलं आणि म्हणाले, "छान. इतका स्वच्छ कागद तुमच्याकडून पहिल्यांदा आलाय. एक शेरा नाही." मग वाचून झाल्यावर त्यांचा चेहरा पडला. "गुरुसिद्धप्पा, जूनचं मग अवघड आहे हो."

"माहीत आहे साहेब."

सही झाली. बाहेर येऊन तो व्हरांड्यात उभा राहिला आणि त्याला मोठमोठ्यानं ओरडावंसं वाटलं. अडीच वर्षं! तीनशे सव्वीस घरांचं भलं करणारी यादी अडीच वर्षं या पाच टेबलांनी चघळली, आणि एका माणसाच्या चुकीचा कागद चार तासांत पार! कुणाला समास दिसला नाही, कुणाला वडिलांचं नाव तपासावंसं वाटलं नाही. दोष दुसऱ्याच्या नावावर लागलाय एवढं दिसलं की झालं, सगळ्यांचे हात मोकळे.

धुळा शिपायाला सायकलवरून बोरवडगीला पिटाळलं. शनिवारी महाराष्ट्र दिनाची सुट्टी, तरी गुरुसिद्धप्पानं कचेरी उघडून घेतली, आणि सकाळच्या गाडीनं सोजरबाई आली. या खेपेला गुरुसिद्धप्पानं तिला पायरीवर बसू दिलं नाही, आत खुर्चीवर बसवलं. पुरवणीचा कागद हातात दिला. "हा सोमवारी चिठ्ठ्यांच्या वेळी दाखवायचा. तुमचं नाव यादीत आहे. प्लॉट मिळणार."

तिनं कागद उलटासुलटा बघितला. "कुटं गावलं नाव?"

त्याला सांगायचं नव्हतं असं नाही, रात्रभर तो तेच मनात घोळवत होता. "माझ्याच हातून झाकलं गेलं होतं. पहिल्या यादीत होतं. भीमाच्या पोराची दुरुस्ती आली, तिची चिठ्ठी मी तुमच्या नावावर चिकटवली."

"म्हंजे मी हुते."

"होता."

"घरातच हुते."

"होय."

 गुरुसिद्धप्पाला वाटत होतं, बाई आता हात जोडील, देव पावला म्हणेल, मग आपण म्हणू, अहो त्यात काय, कर्तव्यच होतं. बढतीचंही ओघात सांगता येईल. पण तिनं हात जोडले नाहीत.

"तीन म्हैनं तुमी मला इच्चारत हुतासा, कुटं गेल्तीस, कुटं गेल्तीस," ती सावकाश म्हणाली. "भाऊसाब, माझं मलाच खरं वाटंना झालं. घरी जाऊन शेजारनीला इच्चारायची, बाई, मोजायला आलते तवा मी हुते का ग हितं? ती हसायची. एकदा तर भीमालाबी इच्चारलं. त्यो म्हनला, नव्हतीसच तू. मग मीबी धरून चालले, नसंन. नसंन म्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "गेल्या सोमवारी ते तुमचं बोलनं आटवलं नसतं तर आले नसते मी परत."

 बढतीचं तोंडावर आलेलं गुरुसिद्धप्पानं गिळलं.

तिनं कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि उठली. दारापाशी धुळ्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तेवढं ती पाणी प्याली, आणि अकराची गाडी चुकेल म्हणून पायऱ्या उतरून भराभरा चालू लागली.